बॉयलर-रूममधले मेजर

वडगाव मावळला पोलीस ठाण्याजवळ एका गोऱ्या कप्तानाची समाधी आहे. १७७८ च्या अखेरीस कंपनी सरकारची मुंबईची फौज रघुनाथरावाला पेशवाईच्या गादीवर बसवायचे म्हणून बोरघाट चढून वर आली. खंडाळा, कार्ला, तळेगाव असे मुक्काम करत ती पुण्याकडे सरकत होती आणि मराठे तिला धड पुढे जाऊ देत नव्हते, धड मागे. कार्ल्याला ४ जानेवारी १७७९ ला कॅप्टन जेम्स स्ट्युअर्ट पडला. तळेगाव गाठेपर्यंत फौजेचे अवसान गळाले. तोफा तळ्यात ढकलून रातोरात माघार घ्यावी लागली आणि वडगावला महादजी शिंद्यांसमोर तह करून तिने जीव सोडवून घेतला. स्ट्युअर्टची बहादुरी मात्र मराठ्यांच्या डोळ्यांत भरली होती. त्यांनी त्याला फाकडा म्हटले, स्ट्युअर्टचा इष्टुर झाला, आणि हा इष्टुर फाकडा मावळात कायमचा राहिला. पुढे लोक त्याला नैवेद्यही दाखवू लागले.

चालून आलेल्या शत्रूचा असा मान ठेवणारा मुलूख म्हणून मावळचे कौतुक वाटते. असेच कौतुक इटलीतल्या मोंतोने गावाचे वाटते. माणगाव तालुक्यातला नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला तिकडच्या टायबर नदीच्या खोऱ्यात मारला गेला. वय बावीस. सेक्शनमधले सोबती पडल्यावर तो एकटा मशीनगनच्या मोर्चावर धावून गेला. बंदुकीचे मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, तेव्हा शेवटच्या दोघांना त्याने दस्त्याने मारले, आणि मग लपलेल्या नेमबाजाची गोळी त्याला लागली. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो मरणोत्तर. त्याला थडगे नाही, कॅसिनोच्या स्मारकावर नाव आहे. माणगावात त्याचा पुतळा आहे. आणि २०२३ च्या जुलैत मोंतोनेच्या लोकांनी त्याच्या नावाने सूर्यघड्याळ उभारले. कुठल्या कोकणातला पोरगा आपल्या डोंगरात येऊन मेला, हे त्यांनी एकोणऐंशी वर्षांनंतरही सोडून दिले नाही.

पडलेल्या सैनिकाला दगड मिळतो. थोडा उशिरा का होईना, मिळतो. परत आलेल्याचे काय, हा या लेखाचा विषय आहे. जो पंधरा-वीस वर्षे नोकरी करून, चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे गावी आला, मग एमआयडीसीत सिक्युरिटीला किंवा मेंटेनन्सला लागला, पावसाळ्यात भाताची आवणी केली, सोसायटीच्या निवडणुकीला उभा राहिला, पडला, आणि आता सकाळी बाकावर पेपर वाचत बसतो, तो. तळेगाव, कामशेत, देहूरोड, लोणावळा या पट्ट्यात असे पुष्कळ आहेत. गावात त्या सगळ्यांना एकच हुद्दा आहे. शिपाई म्हणून निवृत्त झालेला असो, हवालदार असो, की नौदलातला स्टोकर असो, गाव त्याला ‘मेजर’ म्हणते. खऱ्या मेजरला त्याचा राग येतो म्हणतात, पण गावापुढे कोणाचे चालत नाही.

या मेजरला वर्षातून दोनदा बोलावणे येते, पंधरा ऑगस्टला आणि सव्वीस जानेवारीला. कार्यक्रम सगळीकडे सारखा. झेंडावंदन, सरपंचांचे भाषण, देणगीदारांची यादी, मुलांची कवायत. मेजर पहिल्या रांगेत, छातीवर पदके, शाळेच्या प्लास्टिकच्या खुर्चीत. शाल आणि श्रीफळ. मग सूत्रसंचालक सांगतात की मेजर आता दोन शब्द बोलतील, आणि हळूच कानात सांगतात की थोडक्यात, मुलांना खाऊ वाटायचाय. दोन शब्दांत माणूस काय बोलणार? तो म्हणतो, देशसेवा करा, व्यसनांपासून दूर राहा, जय हिंद. मुले टाळ्या वाजवतात. वीस वर्षांची नोकरी तिथेच संपते.

चूक मेजरची नाही, विचारणाऱ्याची आहे. आपण त्याला शौर्याची गोष्ट मागतो. गोळी लागली का? किती मारले? पाकिस्तानी समोर बघितला का? बहुतेकांचे खरे उत्तर ‘नाही’ असते आणि ते द्यायला माणूस शरमतो, मग गप्प बसतो. सैन्य म्हणजे फक्त गोळी झाडणारे, ही समजूत सिनेमाने आपल्याला दिली. एका माणसाच्या गोळीमागे पूल बांधणारा, गाडी दुरुस्त करणारा, सिग्नलच्या तारा ओढणारा, शिधा मोजणारा, जखम बांधणारा असे कितीतरी जण असतात. त्यांची गोष्ट हवी असेल तर शौर्य बाजूला ठेवून काम विचारावे लागते.

मावळात हे म्हणायला लोणावळ्याइतकी योग्य जागा नाही. भुशी डॅमकडे जाणारा रस्ता आयएनएस शिवाजीच्या जवळून जातो. जुलैत त्या रस्त्यावर मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रांग लागते. भुट्टे, भजी, काचेवर वाफ, गाडीत मोठ्याने गाणी. त्याच महिन्याच्या २६ तारखेला कारगिल विजय दिवस असतो आणि त्या दिवशीही रांग तशीच असते. नौदलाच्या पाट्या दिसतात, पण त्या पाट्यांमागे काय चालते याची चौकशी करायला कोणी काच खाली करत नाही.

काय चालते? समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरहून अधिक उंचीवर, सह्याद्रीच्या कड्यावर, नौदल आपल्या इंजिनवाल्यांना घडवते. १५ फेब्रुवारी १९४५ ला ही संस्था एचएमआयएस शिवाजी म्हणून सुरू झाली. महायुद्ध अजून संपायचे होते आणि जहाजांना आगवाले, मिस्त्री, मेकॅनिक हवे होते. बरोबर एक वर्ष आणि तीन दिवसांनी मुंबईत ‘तलवार’ या नौदलाच्या तळावर नाविकांनी बंड केले. त्या बंडातून बडतर्फ झालेल्यांना स्वतंत्र भारताच्या नौदलानेही परत घेतले नाही. पुढे ‘एचएमआयएस’चे ‘आयएनएस’ झाले आणि नाव शिवाजीच राहिले. संस्थेचे बोधवाक्य ‘कर्मसु कौशलम्’. सैन्याच्या बोधवाक्यांत विजय, वीर, बलिदान असे शब्द भरपूर सापडतात. इथे कामातले कसब आहे. २०२० च्या फेब्रुवारीत, संस्थेच्या पंचाहत्तरीला, राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांनी तिला राष्ट्रपती ध्वज दिला.

इथे शिकणाऱ्या पोराला पहिल्यांदा कळते की जहाजावरचा सर्वांत मोठा शत्रू पाणीच आहे. ‘अक्षत’ नावाची एक यंत्रणा इथे आहे. पोलादी कप्पे, ते जहाजासारखे डोलवता येतात. कप्प्यात मुले सोडतात आणि भिंतीतल्या भोकांतून, फाटलेल्या पाइपांतून पाणी आत सोडतात. पाणी गुडघ्याला, मग कमरेला येते. पायाखालची जमीन एका बाजूला कलते. हातात काय, तर लाकडी पाचरी, खुंट्या, फळ्या, टेकू द्यायला लाकडी ओंडके आणि हातोडा. जहाजाला भोक पडले तर ते लाकडाने बुजवायचे असते, ही गोष्ट ऐकली की लहान मुलांचे डोळे मोठे होतात. ती पंधरा ऑगस्टला कोणी सांगत नाही.

या कामाची सर्वांत मोठी गोष्ट १९७१ ची आहे आणि तिच्यात गोळी नाही. ‘विक्रांत’ ही आपली तेव्हाची एकुलती एक विमानवाहू नौका. आदल्या वर्षी तपासणीत तिच्या बॉयलरच्या पाण्याच्या ड्रमना आतून तडे गेलेले सापडले. वेल्डिंगने भागण्यासारखे ते काम नव्हते. नवे ड्रम विलायतेहून यायचे होते आणि ते येईपर्यंत बॉयलर पेटवू नका, असा हुकूम निघाला. सात महिने जहाज मुंबईच्या धक्क्याला थंड पडले. इकडे पूर्व बंगालचे प्रकरण पेटत चाललेले. १९७१ च्या मार्चमध्ये, नवे ड्रम नसतानाच, कमी दाबावर बॉयलर पुन्हा पेटवले. चाचण्या झाल्या. शेवटी ठरले की दाब अमुक इतकाच ठेवायचा, पंख्याचे फेरे अमुक इतकेच, आणि वेग चौदा नॉटच्या पुढे न्यायचा नाही. म्हणजे तासाला जेमतेम सव्वीस किलोमीटर. मूळ बांधणीत हे जहाज त्याच्या पावणेदोन पट वेगाने धावायचे.

हे नीट समजायला थोडे विमानांचे गणित हवे. विमानवाहू नौकेवरून विमान उडते तेव्हा वाऱ्याच्या तोंडाशी जहाज जोरात पळवतात. त्या वाऱ्याचा आणि कॅटापुल्टचा मिळून रेटा विमानाला मिळतो. जहाजच हळू असेल तर विमानाच्या वाट्याला वारा कमी, शिवाय कॅटापुल्टही वाफेवरच चालणारे. म्हणजे वरच्या डेकवर वैमानिक बसलेला असतो, पण तो उडेल की नाही हे चार-पाच मजले खाली, वाफेच्या काट्याकडे बघत उभ्या असलेल्या माणसावर अवलंबून असते. तडे गेलेल्या ड्रमशेजारी, उकाड्यात, बनियनवर, तेल आणि घाम एक झालेला. दाब वाढला तर काय होईल हे त्याला माहीत आहे. वरून वेग मागणार हेही माहीत आहे. तो चार तासांचा वॉच उभा राहतो, झोपतो, पुन्हा वॉचला येतो. ४ डिसेंबरला विक्रांतच्या सी-हॉक विमानांनी कॉक्स बझार आणि चितगावचे बंदर झोडपले. तिला शोधत आलेली ‘गाझी’ ही पाणबुडी त्याआधीच विशाखापट्टणमजवळ समुद्राच्या तळाशी गेली होती. युद्ध जिंकले, कॅप्टन स्वराज प्रकाश यांना महावीर चक्र मिळाले. बॉयलर-रूमचे लोक वर आले, हात धुतले आणि पुढच्या बदलीची वाट बघू लागले.

हे सगळे गुपित नाही. नौदलाचा अधिकृत इतिहास व्हाइस ॲडमिरल हिरानंदानी यांनी लिहिला, त्यात आहे. पण त्या वॉचला उभा असलेला माणूस आपल्या भाषेत काय सांगतो, ते त्या ग्रंथात नाही आणि असूही शकत नाही. त्याला उष्णता आठवते. पाय ठेवायच्या लोखंडी जाळ्या आठवतात. आवाज इतका, की बोलायचे हाताच्या खुणांनी. म्हणून आजही घरात तो मोठ्याने बोलतो आणि सुना म्हणतात, बाबा रागावलेत. कानाने कमी ऐकू येते याचे खापर तो वयावर फोडतो, बॉयलरवर नाही.

विक्रांत १९९७ मध्ये निवृत्त झाली. काही वर्षे मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती, २०१४ मध्ये भंगारात गेली. तिच्या पोलादाचा काही भाग बजाजने विकत घेऊन २०१६ मध्ये ‘व्ही’ नावाची मोटारसायकल काढली. आकुर्डीची कंपनी, म्हणजे मावळच्या वेशीवरचीच. जहाजाचे पोलाद मोटारसायकलमधून रस्त्यावर आले, त्याची जाहिरात झाली, लोकांनी ती अभिमानाने घेतली. ते पोलाद चालवणाऱ्या माणसांच्या आठवणींना मात्र कोणी गिऱ्हाईक भेटले नाही. भंगाराला भाव येतो, याचे मला वाईट वाटत नाही. उलट चांगलेच झाले. फक्त क्रम चुकला.

१९७१ च्याच डिसेंबरच्या ९ तारखेला दीवजवळ ‘खुकरी’ ही युद्धनौका बुडाली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबर गेले, ते सगळ्यांना माहीत आहे आणि माहीत असायलाच हवे. त्यांच्यासह अठरा अधिकारी आणि १७६ नाविक गेले. टॉर्पेडो लागल्यावर काही मिनिटांत जहाज खाली जाते तेव्हा सर्वांत खाली कोण असतो, हे सांगायची गरज नाही.

इथे जरा शंभर वर्षे मागे जावे लागेल, कारण ‘एक कप्तान आणि इतके नाविक’ ही मोजणीची पद्धत जुनी आहे. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रज सरकारने गावोगाव संगमरवरी पाट्या लावल्या. चावडीत, शाळेत, वेशीत अजून काही दिसतात. या गावातून महायुद्धाला इतकी माणसे गेली, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. आकडा आहे, नावे नाहीत. साताऱ्याच्या अपशिंग्याला, ज्याला लोक ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणतात, तिथल्या स्मृतीत ४६ हा आकडा असाच कोरला गेला आहे. गाव ज्याला ओळखत होते त्याचे नाव कोरायची गरज सरकारला वाटली नसावी. पण गाव तीन पिढ्यांत विसरते आणि मग आकडाच तेवढा राहतो.

पुणे डिव्हिजन म्हणून ओळखली जाणारी सहावी डिव्हिजन १९१५ मध्ये इराकात कूतला वेढ्यात सापडली. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी तिच्यात होत्या. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ असा जवळजवळ पाच महिने वेढा चालला. शिधा संपला तेव्हा घोडे कापायला लागले आणि आपल्या शिपायांनी कितीतरी दिवस ते मांस खायला नकार दिला. शरणागतीनंतर वाळवंटातून पायपीट, कैद, रोगराई. ११७ वी पलटण पुढे ‘रॉयल’ झाली. मेलेल्यांसाठी बसऱ्याला मोठे स्मारक झाले, चाळीस हजारांहून अधिक माणसांचे. त्यावर गोऱ्या शिपायांची नावे आहेत, हिंदी अधिकाऱ्यांची नावे आहेत, आणि हिंदी शिपायांची पलटणवार संख्या आहे. एका हिंदी अधिकाऱ्याच्या नावाखाली ‘आणि इतर हिंदी शिपाई इतके’. २०२१ च्या एप्रिलमध्ये राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाने स्वतःच अहवाल काढून ही भेदभावाची पद्धत मान्य केली आणि माफी मागितली. कूत पडल्यानंतर एकशे पाच वर्षांनी.

गंमत अशी की त्या काळच्या हिंदी शिपायांचे शब्द टिकले, ते सेन्सॉरमुळे. फ्रान्सच्या आघाडीवरून घरी जाणारी पत्रे फोडून वाचायला सरकारने माणसे बसवली होती. सरकारविरुद्ध काही आहे का, धीर सुटतोय का, हे बघायला. निवडक मजकुराचे इंग्रजी भाषांतर अहवालात गेले आणि ते अहवाल लंडनला जपून ठेवले गेले. त्यांत मराठी पत्रेही आहेत. आईने देव्हाऱ्यात जपलेली मूळ पत्रे वाळवीने खाल्ली. संशयाने फोडलेली उरली.

नाव असले की काय होते, याचे उदाहरण मावळच्याच पुणे जिल्ह्यात आहे. कोरेगाव भीमाच्या स्तंभावर १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्या ४९ जणांची नावे आहेत, त्यांतली बावीस ‘नाक’ या अंत्यपदाची, म्हणजे महार शिपायांची. १८९० च्या सुमारास इंग्रजांनी महारांची लष्करभरती बंद केली तेव्हा निवृत्त शिपाई गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये अर्ज लिहिला: आमच्या पूर्वजांनी अमुक लढाया लढल्या, आम्हाला परत घ्या. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळ्यांनी पुन्हा तीच मागणी केली. १ जानेवारी १९२७ ला डॉ. आंबेडकर त्या स्तंभापाशी गेले. स्वतः सुभेदाराचा मुलगा. महार रेजिमेंट उभी राहिली ती ऑक्टोबर १९४१ मध्ये. सैनिकाची गोष्ट सांगणे म्हणजे त्याला हार घालणे एवढेच आपण धरून चालतो. वलंगकरांच्या हातात ती हक्काचे कागदपत्र होती.

म्हणून मावळात देहूरोड सोडून चालत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इथे लष्कराचे मोठे आयुध भांडार उभे राहिले. त्याच्या आसऱ्याने कामगारांच्या वस्त्या वाढल्या. तिथेच २५ डिसेंबर १९५४ ला बाबासाहेबांनी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. डेपोतला कामगार गणवेश घालत नाही, त्याला पदक मिळत नाही, माजी सैनिकाच्या व्याख्येत तो बसत नाही. पण सियाचीनला जाणारा बूट, तंबू, पेटी कोणाच्या तरी हातातून मोजून जाते. पेटीवर चिठ्ठी चुकीची लागली तर वर काय होते, हे त्यालाही माहीत असते. त्याच्याकडे गेलात तर तोही आधी म्हणेल, मी काय, साधा स्टोअरमधला.

‘मी काय, साधा’ हे वाक्य अशा माणसांशी बोलतानाची सर्वांत मोठी धोंड आहे. ती बाजूला सरकवायची तर कामातल्या तपशिलातूनच. परमवीर चक्र मिळालेले सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे हे बॉम्बे सॅपर्सचे, म्हणजे खडकीचे. कारवारकडचा माणूस, आयुष्याचा शेवट पुण्यात झाला. १९४८ च्या एप्रिलमध्ये नौशेराहून राजौरीकडे रणगाडे न्यायचे होते आणि रस्त्यावर सुरुंग, आडवी टाकलेली झाडे, वरून शत्रूचा मारा. राणे पुढच्या रणगाड्याच्या पोटाखाली शिरले आणि त्याच्या चाकांच्या गतीने सरपटत पुढे गेले. वर ड्रायव्हरला दोरी ओढून खूण करायची, थांब, चल. खाली सुरुंग शोधायचे. रणगाडा म्हणजे छत्री आणि रणगाडाच धोका. हे शौर्य खरेच, पण मला त्यातली ती दोरी महत्त्वाची वाटते. कोणाला तरी सुचले, की एवढ्या गदारोळात आवाज पोचणार नाही, दोरी पोचेल. सॅपर माणसाचे डोके ते. शाळेत परमवीर चक्राची गोष्ट सांगताना दोरी गाळून ‘प्राणांची पर्वा न करता’ एवढेच सांगतात, तेव्हा त्यांच्यातला कारागीर आपण पुसतो.

पिंपरी-चिंचवडमधले मुरलीकांत पेटकर यांची तर गोष्टच विसरली गेली होती. इस्लामपूरचा पोरगा, सैन्याच्या ईएमई या यंत्रदुरुस्ती विभागातला कारागीर जवान, मुष्टियोद्धा. १९६५ मध्ये सियालकोटच्या आघाडीवर नऊ गोळ्या लागल्या, कमरेखाली शरीर लुळे पडले. १९७२ मध्ये जर्मनीत हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात सुवर्णपदक. भारताचे या खेळांतले पहिले वैयक्तिक सुवर्ण. त्यानंतर टेल्कोत नोकरी आणि मग जवळजवळ शांतता. पद्मश्री २०१८ मध्ये. ‘चंदू चॅम्पियन’ हा सिनेमा २०२४ मध्ये, आणि त्यानंतर अर्जुन पुरस्कार, जानेवारी २०२५ मध्ये. पुण्यापासून मुंबईपर्यंत रोज गाड्या धावणाऱ्या पट्ट्यात हा माणूस पन्नास वर्षे राहत होता. सिनेमा आला नसता तर तिथल्या किती शाळांना त्यांचे नाव कळले असते?

सरकारी पातळीवर काहीच होत नाही असे म्हणणे खोटे ठरेल. २०२० पासून महाराष्ट्रात माजी सैनिकांना आणि सैनिकांच्या विधवांना घरपट्टी माफ आहे. ईसीएचएसची दवाखान्यांची सोय २००३ पासून आहे. वन रँक वन पेन्शन कितीतरी वर्षांच्या भांडणानंतर २०१५ मध्ये आले आणि त्यावरची कुरकूर आजही कुठल्याही कँटीनच्या रांगेत ऐकू येते. ७ डिसेंबरला ध्वजदिन निधी गोळा होतो. जानेवारीच्या १४ तारखेला माजी सैनिक दिन, कारण १९५३ मध्ये त्या दिवशी जनरल करिअप्पा निवृत्त झाले. विद्यार्थ्यांसाठी ‘वीरगाथा’ हा उपक्रम २०२१ पासून आहे. मुले शौर्यपदकविजेत्यांवर निबंध, चित्रे, कविता करतात. चांगले आहे. पण मुले बहुतेक इंटरनेटवरून ओळखीची आठ-दहा नावे उतरवतात आणि समोरच्या आळीतल्या मेजरना कोणी विचारत नाही, कारण त्यांच्याकडे पदक नाही.

मग कसे विचारायचे? या कामात चार गोष्टी अनुभवाने पटतात. पहिली, कार्यक्रमात विचारू नये. माइक समोर आला की प्रत्येक माणूस भाषण करतो. घरी जावे, ओट्यावर बसावे. दुसरी, सुरुवात कागदांवरून करावी. प्रत्येक निवृत्त सैनिकाच्या घरी एक काळी पत्र्याची पेटी किंवा कपाटातला एक कप्पा असतो: डिस्चार्ज बुक, पेन्शनचा आदेश (पीपीओ), पोस्टिंगच्या नोंदी, ग्रुप फोटो. ग्रुप फोटोवर बोट ठेवून ‘हा कोण’ विचारले की बोलणे आपोआप सुरू होते. नावे येतात, टोपणनावे येतात. कुणी केरळचा, कुणी बिहारचा, कुणी बटाटा खायचाच नाही म्हणून सगळे चिडवायचे. त्या फोटोच्या मागे तेव्हाच नावे लिहून घ्यावीत, कारण पुढच्या पिढीला तो वीस अनोळखी माणसांचा फोटो असेल.

तिसरी, शांततेची भीती बाळगू नये. शासकीय गुपितांचा कायदा १९२३ चा असला तरी त्याची धास्ती आजही खरी आहे आणि काही जण काही गोष्टी बोलत नाहीत, तर बोलू नये. काही दुसऱ्याच कारणाने बोलत नाहीत. सोबत्याचे मरण, स्वतःला वाटलेली भीती, साहेबाने केलेला अन्याय, बढती हुकल्याचा सल. तिथे खोदकाम करायला आपण पोलीस नाही. मात्र भीतीबद्दल जो बोलतो त्याला मध्येच अडवून ‘पण तुम्ही किती शूर’ असे म्हणू नये. तो खरे सांगायला लागलेला असतो.

चौथी गोष्ट, कामाचा एक पूर्ण दिवस विचारावा. ‘तुमचा सर्वांत अविस्मरणीय प्रसंग’ नको. मिडल वॉच, म्हणजे रात्री बारा ते चार, कसा जायचा? वॉचला उठवायला कोण यायचे? चहा कुठून? झोप आली तर काय करायचे? पहिल्यांदा बोट लागली तेव्हा किती दिवस अन्न गेले नाही? बॉयलर पेटवायला किती वेळ लागायचा? असले प्रश्न विचारले की पंचाहत्तरीचा माणूस हातांनी व्हॉल्व्ह फिरवून दाखवतो. किती वेढे, कुठल्या बाजूने, हे हाताला आठवते.

अपंग सैनिकांसाठी १९१७ मध्ये मुंबईत निघालेली क्वीन मेरी तंत्रशिक्षण संस्था आता खडकीला आहे आणि तिथेच १९७४ पासून पाठीच्या कण्याला इजा झालेल्या जवानांचे पुनर्वसन केंद्र आहे. मावळातून लोकलने तासाभराचा रस्ता. तिथल्या माणसांकडे काम विचारायची रीत जास्तच लागू पडते, कारण त्यांना सगळे इजेबद्दलच विचारतात. इजा एका सेकंदाची, काम त्याआधी आणि त्यानंतर वर्षानुवर्षांचे.

आणि एक विसरू नये. मेजर बोलत असताना आतून चहा येतो. चहा आणणाऱ्या मावशी दारात उभ्या राहतात आणि तारखा दुरुस्त करतात: नाही हो, तेव्हा थोरला झाला नव्हता. वर्षातून दोन महिन्यांची रजा, बाकी दहा महिने मनीऑर्डर आणि इनलँड. सासरा आजारी, शेत वाटणीत, पोराचा शाळेचा दाखला, रेडिओवर बातमी आली तेव्हा घरात कोण होते, शेजारीण काय म्हणाली. बोटीवरच्या माणसाला घरचे तीन आठवड्यांनी कळायचे आणि घरच्यांना बोटीचे कळायचेच नाही. त्यांना बसायला खुर्ची द्यावी, रेकॉर्डर त्यांच्याकडे वळवावा आणि मेजरना चहा करायला आत पाठवावे. बोटीवर केलेलाच असतो.